दोनाडकरांचा सोऱ्या

मे महिन्यात स्वेटर घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाहेर नागपूरचं ऊन, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायचं, सायकलरिक्षावाले डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून कडुनिंबाखाली बसलेले असायचे, आणि आमच्या ऑफिसच्या गच्चीवर दोनाडकर पूर्ण बाह्यांचा राखाडी स्वेटर घालून भर दुपारी उघड्यावर उभे असायचे. एका हातात त्या दिवसाचं टपाल, दुसरा हात डोळ्यांवर आडवा. खालून पाहणाऱ्याला वाटे, या माणसाचं काहीतरी बिनसलं आहे.

बिनसलेलं काही नव्हतं. आमच्या निमसरकारी मंडळात संगणक होता, आणि त्याला थंडी लागत असे. म्हणजे यंत्र थंड ठेवावं लागे. त्यासाठी तळमजल्यावरच्या एका मोठ्या खोलीच्या सगळ्या खिडक्या विटांनी बुजवल्या होत्या. दाराच्या आत आणखी एक दार होतं. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही असा नियम होता. आम्ही बाकीचे लोक घामाने भिजलेल्या शर्टात वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारत बसायचो आणि त्या खोलीतल्या लोकांचा हेवा करायचो. मी लेखा शाखेत होतो. यंत्राने काढलेल्या बेरजा हाताने तपासणं हे माझं काम, म्हणून मला आत जायची परवानगी होती. पहिली दहा मिनिटं स्वर्ग वाटे. तासाभराने बोटं आखडत. दोनाडकर तिथे दिवसभर बसत.

"ऊन खाऊन राहिलो, भाऊ," गच्चीवर मी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले. "आत बसलं की दिवस आहे का रात्र, समजत नाही. बाहेर पाणी पडून राहिलं की ऊन तापून राहिलं, काही पत्ता नाही. थोडं अंगाले दाखवून ठेवतो, बाहेर काय चालू आहे ते."

स्वेटर त्यांच्या बायकोने विणलेला होता. सुमनबाई ब्रह्मपुरीला शाळेत शिकवत. दोनाडकर मूळचे तिकडलेच. आमच्या मंडळाच्या ब्रह्मपुरीच्या कार्यालयात ते हिशेबनीस होते. संगणक घ्यायचं ठरलं तेव्हा सगळ्या जिल्ह्यांतल्या कारकुनांची एक परीक्षा झाली, तीत हे वरच्या नंबराने पास झाले आणि नागपूरला बोलावले गेले. "दोन वर्षांसाठी" असं तोंडी सांगितलं होतं. मी त्यांना ओळखू लागलो तोवर त्या दोन वर्षांची सहा झाली होती. आई ब्रह्मपुरीच्या घरी, तिची नजर कमी होत चाललेली. मुलगी मंदा तिथेच सुमनबाईंच्या शाळेत. हे मात्र नागपूरच्या महाल भागात एका खोलीत स्टोव्हवर खिचडी करून राहत. शनिवारी इतवारी स्टेशनवरून छोट्या रुळांची गाडी पकडायची, नागभीडला बदलायची, रविवारी रात्री परत निघायचं. मंदा लहान असताना त्यांना "नागपूरचे बाबा" म्हणायची, जणू दुसरे कुठले तरी बाबाही होते. हे त्यांनीच मला हसत सांगितलं होतं. हसणं फार टिकलं नाही.

त्यांना परत जायचं होतं. एवढीच त्यांची मागणी होती. बढती नको, संगणकाचा भत्ता नको, ब्रह्मपुरीला पूर्वीची हिशेबनीसाची खुर्ची द्या. दरवर्षी ते बदलीचा अर्ज करत आणि दरवर्षी आमचे साहेब तो परत पाठवत. साहेब पुण्याचे, जोगळेकर नावाचे. माणूस वाईट नव्हता. "दोनाडकर, तुम्ही गेलात तर सोऱ्या कोण चालवणार?" एवढंच ते विचारत.

हा सोऱ्या काय होता ते सांगायला हवं.

संगणकाला कुठलंही काम द्यायचं, पगाराचं असो की गोदामाचं, तर त्याच्यासाठी आज्ञांची एक लांबलचक मालिका लिहावी लागते. ती तेव्हा भोकं पाडलेल्या कार्डांवर असे, एका ओळीला एक कार्ड. एका साध्या कामाला कार्डांचा गठ्ठा विटेएवढा होई. दोनाडकरांच्या लक्षात आलं की सगळ्या गठ्ठ्यांतलं बरंचसं सारखंच असतं. म्हणून त्यांनी असा एक गठ्ठा तयार केला, जो दुसरे गठ्ठे तयार करी. तुम्ही त्याला थोड्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. माहिती कसली, किती रकाने, बेरीज कशाची, यादी कुठल्या क्रमाने. मग यंत्र स्वतःच आज्ञांची नवी कार्डं भोकं पाडून बाहेर काढी.

"हे तर आमच्या घरच्या सोऱ्यासारखं झालं," पहिल्यांदा ते पाहून मेश्रामबाई म्हणाल्या होत्या. मेश्रामबाई कार्डांवर भोकं पाडण्याच्या विभागात होत्या, तिथल्या सर्वांत जलद आणि तोंडानेही सर्वांत जलद. "पीठ तेच. जाळी बदलली की शेव, जाळी बदलली की चकली."

ते नाव चिकटलं. फायलीत त्याला मोठं इंग्रजी नाव होतं, ते कुणी वापरलं नाही.

मंडळाला त्याचा उपयोग होताच, पण दोनाडकरांनी एक गोष्ट केली जी साहेबांना कधी पटली नाही. जो मागेल त्याला ते सोऱ्या देत. दुसऱ्या सरकारी कार्यालयांत संगणक येऊ लागले होते, एका कापड गिरणीत आला, एका कॉलेजात आला. तिथला माणूस कोरी कार्डं किंवा टेप घेऊन येई, दोनाडकर त्यावर सगळं उतरवून देत आणि सोबत हाताने लिहिलेली एक चिठ्ठी देत. चिठ्ठीत दोनच वाक्यं असत. चूक सापडली तर कळवा. दुरुस्त केली तर दुरुस्तीही पाठवा, म्हणजे बाकीच्यांना देता येईल.

"ही मंडळाची मालमत्ता आहे, दोनाडकर," साहेब म्हणत.

"माल तर त्यायचाच आहे साहेब. पीठ त्यायचं, तेल त्यायचं. मी फक्त सोऱ्या देऊन राहिलो."

"आणि उद्या काही बिघडलं तर?"

"मले लिहितेत ना ते."

आणि ते लिहीत. रोजचं टपाल म्हणजे हेच. कुणाला तारीख उलटी हवी, कुणाची यादी मराठी बाराखडीच्या क्रमाने लागत नाही, कुणाचा पगार अडला. काही पत्रांत दुरुस्त्या असत. अकोल्याच्या एका गृहस्थांनी, ज्यांना दोनाडकरांनी कधी पाहिलंही नव्हतं, बेरजेचा एक सगळा भाग नव्याने लिहून पाठवला. दोनाडकर त्या दिवशी गच्चीवर ते पत्र वाचून मला म्हणाले, "भाऊ, हा माणूस माझ्यापेक्षा हुशार आहे," आणि खरोखर आनंदात होते. पण तशी पत्रं थोडी. बहुतेकांचा सूर असा असे की जणू दोनाडकर त्यांचे नोकर आहेत आणि कामचुकार आहेत. एकाने लिहिलं, 'आपल्या निष्काळजीपणामुळे आमच्या कार्यालयाची जी नाचक्की झाली, तिला जबाबदार कोण?' दोनाडकरांनी त्याला उत्तर लिहिलं, 'मी.' खाली दुरुस्ती लिहिली आणि पाकीट डकवलं.

"काहून असं लिहिता?" मी म्हटलं. "त्याने काय दिलं तुम्हाला?"

"त्यानं भरोसा ठेवला ना, भाऊ."

त्यांच्या बोलण्यात एक शब्द नेहमी येई, 'गप्प रकाना'. कुणी प्रश्नाला उत्तर दिलं नाही, रकाना कोरा सोडला, तर यंत्राने काय समजायचं? ते आधी ठरवून ठेवावं लागतं. त्यांच्या मते हे ठरवणं हीच खरी कारागिरी. बाकी सगळं कुणालाही जमतं. "बोलणारा आपलं पाहून घेतो," ते म्हणत. "गप्प बसणाऱ्याचं काय करायचं, ते आपल्याले पाहा लागते."

हे ते एका प्रसंगातून शिकले होते. सुरुवातीला सोऱ्यातून निघालेला गठ्ठा कोऱ्या रकान्याचा अर्थ 'कोरं' असाच घेई. एका जिल्ह्याच्या कार्यालयाने निवृत्तांची माहिती सुधारायला कार्डं पाठवली. फक्त रकमा बदलायच्या होत्या, म्हणून त्यांनी फक्त रकमा भरल्या आणि नावाचा रकाना सोडून दिला. यंत्राने इमानदारीने सगळी नावं पुसली. पाकिटं छापून बाहेर आली, आत पत्र आणि वर नावच नाही. पहिलं पाकीट हातात घेऊन मेश्रामबाई म्हणाल्या, "हे कोणाले द्यायचं? हवेले?" दोनाडकर हसले नाहीत. जुन्या टेपवरून नावं परत काढण्यात त्यांचे दोन शनिवार गेले, म्हणजे ब्रह्मपुरीच्या दोन फेऱ्या. त्यानंतर त्यांनी सोऱ्यात नियम घातला. कोरं म्हणजे आहे तसंच. जो बोलत नाही त्याचं काही हलवायचं नाही.

तो नियम सगळ्यांना आवडला. जिथे जिथे सोऱ्या गेला होता तिथे तो नियम गेला.

मग आमच्याकडे नवा संगणक आला. जुना गठ्ठा त्यावर तसाच चालेना. साहेबांनी सांगितलं, नवं लिहा आणि जुनं सोडून द्या. दोनाडकरांनी नवं लिहिलं, पण जुनं सोडलं नाही, कारण अर्ध्याहून अधिक ठिकाणी जुनीच यंत्रं होती. "ज्यायनं आपल्या भरोशावर घेतलं, त्यायले वाटेत कसं उतरवू?" त्यामुळे आता दोन सोऱ्ये झाले आणि पत्रं दोन्हींची येऊ लागली.

नवा लिहिताना त्यांच्या मनात एक हिशेब होता. तो त्यांनी मला गच्चीवर सांगितला. सोऱ्या इतका सोपा करायचा की कुठल्याही नवशिक्याला चालवता यावा. प्रश्न कमी करायचे. ज्याचं उत्तर बहुधा एकच असतं ते विचारायचंच नाही, आपणच गृहीत धरायचं. सोबत मराठीत स्वच्छ माहिती लिहून ठेवायची. "मंग साहेबाले माझी जरूर राहणार नाही. मी जाऊ शकीन." दीड वर्ष ते त्यात गुंतले होते. एवढ्या आशेने काम करणारा माणूस मी त्या ऑफिसात दुसरा पाहिला नाही.

हिशेब चुकला. सोऱ्या खरोखर सोपा झाला आणि म्हणून तो आणखी दुप्पट ठिकाणी गेला. पत्रांचे गठ्ठे वाढले. मी बेरजा करणारा माणूस, मला ते आधीच दिसायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा पाहून मी बेरीज केली नाही.

तरी एक झालं. सोप्या सोऱ्यावर दोन नवी मुलं तयार झाली, आणि साहेबांनी एका वर्षी शेवटी बदलीच्या अर्जावर 'मान्य' असं लिहिलं. दोनाडकरांनी महालातल्या खोलीच्या मालकाला सांगून टाकलं. सुमनबाईंनी घराला चुना लावून घेतला.

आमच्या बदल्यांची वार्षिक यादी यंत्र छापी. प्रत्येक माणसाचं एक कार्ड, त्यात 'नवं ठिकाण' असा रकाना, त्यात त्या कार्यालयाचा आकडा. त्याच वर्षी ब्रह्मपुरीचं कार्यालय मोठं करून त्याला नवा आकडा मिळायचा होता आणि तो मुख्यालयातून यायला उशीर झाला. आस्थापनेच्या कारकुनाने विचार केला, आकडा आला की भरू, आणि ब्रह्मपुरीला जाणाऱ्या पाच जणांचा रकाना कोरा ठेवून कार्डं आत पाठवली. मग तो विसरला. यंत्र अडलं नाही. कोरं म्हणजे आहे तसंच. यादी छापून आली, वरून सही होऊन आली, फलकावर लागली. 'दोनाडकर – नागपूर.'

मी फलकासमोर उभा होतो. ते माझ्या मागे येऊन थांबले, वाचलं, आणि पहिलं वाक्य बोलले ते हे: "माझाच नियम आहे."

उरलेल्या चौघांनी गोंधळ घातला. युनियनला घेऊन ते साहेबांच्या खोलीत गेले, आवाज जिन्यापर्यंत येत होते. आठवड्याभरात चौघांचे स्वतंत्र आदेश निघाले. दोनाडकर गेले नाहीत. साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं आणि खरंच अपराधी चेहऱ्याने म्हणाले, "चूक झाली. पण बघा, आता हा दोष सगळीकडे असणार. तुमचा सोऱ्या जिथे जिथे आहे तिथे हेच होऊ शकतं. तो दुरुस्त करून द्या. पुढच्या वर्षी तुम्ही म्हणाल तिथे. हे मी सगळ्यांसमोर सांगतो." आणि त्यांनी खरोखर सगळ्यांसमोर सांगितलं.

दोनाडकर "बरं" म्हणाले.

त्याच महिन्यात सुमनबाई सासूबाईंना घेऊन नागपूरला धंतोलीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आल्या आणि आमच्याकडे उतरल्या. रात्री आम्ही जेवायला बसलो होतो. माझी बायको वाढत होती. सुमनबाई उंच, सावकाश बोलणाऱ्या. वर्गात त्यांना आवाज चढवावा लागत नसणार असं वाटे.

"भाऊजी," त्या मला म्हणाल्या, "ते चौघं कसे काय आले ब्रह्मपुरीले?"

"ते भांडले, वहिनी."

"अन् हे?"

मी भाताकडे पाहिलं. दोनाडकर म्हणाले, "मी दुरुस्ती करून राहिलो ना."

"ते नाही विचारलं मी." त्यांनी सासूबाईंच्या ताटात वरण वाढलं, त्यांचा हात धरून वाटीपर्यंत नेला, मग बोलल्या. "तुमी बोलत नाही. मंग लोकायले वाटते, आहे तिथंच बरं आहे यायचं. कोणी तुमाले धरून नाही ठेवलं. तुमी गप्प राहता, म्हणून आहे तिथंच राहता."

म्हातारी म्हणाली, "असू दे वं, जेवू दे त्याले."

दोनाडकरांचा हात ताटातच थांबला होता. ते रागावलेले नव्हते. हिशेबातली चूक सापडल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता. ते म्हणाले, "मशीनलेबी मी हेच शिकवलं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तो नियम काढायला घेतला. नवा नियम असा: कोरं म्हणजे काहीच नाही. ना पुसायचं, ना आहे तसं ठेवायचं. तिथे थांबायचं आणि विचारायचं. काही बदलायचं नसेल तर तसं सांगायला शून्य टाका. पण कोरं चालणार नाही. रकाना कोरा दिसला की यंत्र जागच्या जागी उभं राही, आणि चालवणाऱ्याच्या टंकयंत्रावर नावासकट ओळ उमटे की याचं उत्तर दिलेलं नाही. उत्तर दिल्याशिवाय पुढचं कार्ड घेतलं जात नसे.

"अहो, थांबवता कशाला?" साहेब म्हणाले. "कोऱ्यांची एक वेगळी यादी छापा शेवटी. कुणीतरी वाचेल."

"यादी कोणी वाचत नाही, साहेब. मशीन थांबली की माणूस खुर्चीतून उठते."

"आणि थांबल्यावर चालवणाऱ्याने आपल्या मनाने उत्तर दिलं तर?"

"ते मी लिहून ठेवलं आहे. गप्प राहणाऱ्याच्या वतीनं कोणी बोलायचं नाही. त्याले जाऊन विचारायचं."

नवी टेप सगळीकडे गेली आणि मग जी पत्रं आली तशी कधी आली नव्हती. पूर्वीसारखं करा. आमच्या हजारो कार्डांवर शून्यं कोण पाडणार? चाललेलं चांगलं काम तुम्ही बिघडवलं. अकोल्याच्या त्या हुशार गृहस्थांनीही लिहिलं की मला हे पटत नाही. दोनाडकर गच्चीवर उभे राहून ती वाचत. उत्तरं लिहीत. ज्यांना जमतच नव्हतं त्यांच्यासाठी जुन्या नियमाची टेपही त्यांनी ठेवली, म्हणजे आता सोऱ्ये तीन झाले. मे संपून पाऊस आला तरी ते वरच्या जिन्याच्या दारात उभे राहून वाचत. मी म्हणायचो, सोडा हो. ते म्हणत, "एवढं झालं की सोडतो." एवढं कधी होत नसे. त्या वर्षी त्यांच्या तोंडून ब्रह्मपुरीचं नाव मी फार वेळा ऐकलं नाही. मेश्रामबाई एकदा त्यांना म्हणाल्या, "दोनाडकरभाऊ, तुमची बदली होत नसेल तर त्या स्वेटरची तरी करा. बाही विरून गेली." ते बाहीकडे पाहत राहिले.

पुढच्या वर्षीची यादी निघायची वेळ आली. साहेबांनी शब्द पाळला होता. दोनाडकरांच्या फॉर्मवर आधीच सही करून त्यांनी तो त्यांच्या हातात दिला होता. ठिकाण तेवढं त्यांनी स्वतः भरायचं. त्यांनी फॉर्म घडी घालून खिशात ठेवताना मी पाहिलं होतं. पुढे काय केलं ते मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, असं मला वाटलं.

मेश्रामबाई आता नव्या यंत्राच्या टंकयंत्रावर बसत. यादीच्या दिवशी सकाळी बेरजांसाठी मी आत होतो. साहेब होते, आस्थापनेचा तो कारकून होता, दोनाडकर मागे भिंतीशी उभे होते. कार्डं सरसर आत जात होती आणि छापणारं यंत्र कर्कश वाजत होतं. मग एकदम सगळं थांबलं. त्या खोलीत यंत्र थांबलं की थंड हवेचा आवाज तेवढा उरे. टंकयंत्र आपोआप खडखडलं, एक ओळ उमटली, आणि तेही थांबलं.

मेश्रामबाईंनी ओळ वाचली. त्या वळल्या, पण कारकुनाकडे नाही, साहेबांकडेही नाही.

"दोनाडकरभाऊ," त्या म्हणाल्या, "मशीन तुमालेच विचारून राहिली. तुमचा रकाना कोरा आहे. काय लिहू?"

कार्ड त्यांच्याच जुन्या विभागात पाडलेलं होतं, तेव्हा त्यांना हे आधीपासून माहीत असणार. त्यांनी त्या वेळी जाऊन विचारलं नाही. का ते मला नंतर समजलं: बाहेर विचारलं असतं तर दोनाडकर "पाहू" म्हणाले असते.

"फॉर्म कोरा दिला तुम्ही?" साहेबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. थोडी आशा होती, असं मला वाटलं.

दोनाडकरांनी भिंतीशी उभ्यानेच थांबलेल्या यंत्राकडे पाहिलं. जुना नियम असता तर यादी केव्हाच पुढे गेली असती, 'दोनाडकर – नागपूर' असं छापून, आणि त्यांना कुणाला काही म्हणावं लागलं नसतं. तेच त्यांना हवं होतं की काय, मला आजही नक्की सांगता येत नाही. मागे तीन सोऱ्ये, टेबलावर पत्रांचा ढीग. जातो म्हणवत नव्हतं आणि राहतो म्हणवत नव्हतं. म्हणून कोरा. पण आता त्या एका कार्डामागे सबंध मंडळाची यादी अडून उभी होती आणि आपल्या मनाने उत्तर द्यायची मनाई त्यांनीच करून ठेवली होती.

"शून्य टाकू का?" कारकून म्हणाला.

"तू नको बोलू गा," मेश्रामबाई म्हणाल्या. "लिहून ठेवलं आहे त्यायनं."

दोनाडकरांनी स्वेटरच्या विरलेल्या बाहीत बोट घातलं, काढलं. घसा साफ केला. मग ब्रह्मपुरीच्या कार्यालयाचा नवा आकडा म्हटला. नाव नाही, आकडाच. इतक्या हळू की मेश्रामबाई म्हणाल्या, "ऐकू नाही आलं."

"ब्रह्मपुरी," ते मोठ्याने म्हणाले. "मले ब्रह्मपुरीले जायचं आहे."

मेश्रामबाईंनी आकडा टंकला आणि छापणारं यंत्र पुन्हा वाजू लागलं.

ते निघाले त्या दिवशी सुमनबाई त्यांना न्यायला आल्या होत्या. मी इतवारी स्टेशनवर पोचवायला गेलो. एक ट्रंक, एक वळकटी, स्टोव्ह. निघताना साहेबांनी माझ्याकडे एक कापडी पिशवी दिली होती. त्या आठवड्याचं टपाल. "द्यायचं की नाही ते तुम्ही बघा," ते म्हणाले. मी रिक्षात बसल्या बसल्या ठरवलं की द्यायचं नाही. नवीन मुलं उत्तरं देतील, नाही दिली तर नाही.

दोघं समोरासमोर खिडकीशी बसली. दोनाडकरांनी स्वेटर काढला होता. त्याच्याशिवाय ते बारीक दिसत होते, कोपरापासून खाली हात पांढरट. गाडी सुटायला वेळ होता. आम्ही आईच्या डोळ्यांबद्दल बोललो, शहराबाहेर बेशाकडे मी घेतलेल्या प्लॉटबद्दल बोललो. तिथे तेव्हा नुसती शेतं होती. मग त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली.

"पिशवीत काय आहे, भाऊ?"

मला खोटं जमत नाही. जमलं असतं तर त्या दिवशी बोललो असतो.

"टपाल."

"माझ्या नावाचं?"

"तुमच्या नावाचं आहे. तुमचं आहे असं नाही."

त्यांनी सुमनबाईंकडे पाहिलं. त्या पलीकडच्या खिडकीतून रुळांकडे पाहत होत्या. काही बोलल्या नाहीत, आणि ते गप्प राहणं 'हो' होतं की 'नाही', हे दोनाडकरांनी विचारायला हवं होतं. सगळ्या जगाला शिकवून झालं होतं त्यांचं. त्यांनी विचारलं नाही. शिटी झाली आणि खिडकीच्या गजांमधून त्यांचा हात बाहेर आला.

मी पिशवी दिली.

छोटी गाडी सावकाश हलते. माणूस बराच वेळ दिसत राहतो. डबा फलाटाच्या टोकाला पोचला तेव्हा त्यांनी स्वेटरची घडी मांडीवर ठेवली होती, घडीवर कागद होता, आणि गाडी हेलकावे खात असतानाही ते खाली वाकून लिहीत होते. समोर सुमनबाईंनी त्यांची शाईची बाटली सांडू नये म्हणून दोन्ही हातांत धरली होती.